कापूस विकून जवारी घ्यायची, मग अडतं कुठं?

तुझा प्रश्न मी आधी माझ्या शब्दात मांडतो, समजण्यात चूक झाली असेल तर सांग. तू कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहेस. एका सरांनी सांगितलं की गरीब देश कापूस, कॉफी, कोको, फुलं असली एक्सपोर्टची पिकं घ्यायला लागले म्हणून तिथली माणसं उपाशी राहिली. दुसरे सर म्हणाले उलट आहे, एक्सपोर्टनं पैसा येतो अन पैशानं धान्य येतं. आणि तुझे बाबा तिकडं यवतमाळच्या दारव्ह्याकडं पाच एकर कोरडवाहूत सगळी पऱ्हाटी (कपाशी) अन सोयाबीन लावतात, घरात जवारीचा दाणा पिकत नाही, तर बाबा चुकतात का, असं तू विचारलंस.

दोन्ही सर अर्धे अर्धे बरोबर आहेत. पण दोघांनीही वावराचा हिशेब मांडला नाही, म्हणून तुझा गोंधळ झाला. मी कृषी सहायक म्हणून लागलो अन मंडळ कृषी अधिकारी होऊन रिटायर झालो, सगळी नोकरी यवतमाळ-वर्धा अन थोडी अमरावतीत गेली, त्यामुळं मला हा प्रश्न कागदापेक्षा बांधावरूनच जास्त समजतो, तिथूनच सांगतो.

आधी हिशेब. आपल्याकडच्या मध्यम जमिनीत, पाण्याची सोय नसलेल्या एका एकरात साधारण वर्षी साडेचार क्विंटल कापूस धर. भाव ७००० धरला तर ३१५०० रुपये. बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरणी, वेचणी सगळं मिळून २२००० च्या आसपास जातात, हातात राहतात नऊ-साडेनऊ हजार. त्याची दुकानातून पस्तीस रुपयांनी जवारी घेतली तर पावणेतीन क्विंटल येते. आता तेच एकर जवारीला दिलं तर सहा क्विंटल जवारी होते, खर्च सात हजार, तोही बराचसा घरच्या मेहनतीचा, वरून कडबा मिळतो तो वेगळा. म्हणजे साधारण वर्षी जवारी पुढं. पण चांगलं वर्ष घे, सात क्विंटल कापूस अन ७५०० भाव, ५२५०० आले, वेचणी वाढली म्हणून खर्च २५००० धर, हातात साडेसत्तावीस हजार, त्यात जवळपास आठ क्विंटल जवारी येते. त्या वर्षी दुसरे सर जिंकले. अन वाईट वर्ष, अडीच क्विंटल कापूस, ६८०० भाव, १७००० आले अन वीस हजार आधीच लागून गेलेले. त्या वर्षी जवारी तर सोड, तीन हजार खिशातून गेले. जवारीवाल्याला त्याच वाईट वर्षी तीन क्विंटल झाली, खर्च जाता त्याच्या हाती पैसा उरला नसेल पण कोठीत तीन क्विंटल आहे अन डोक्यावर कृषी केंद्राची उधारी नाही. हे आकडे ढोबळ आहेत, तुझ्या बाबांना विचारून तुझ्या वावराचे घाल, पण गणिताचा आकार हाच निघेल. दहा वर्षांची बेरीज केली तर कापूस कदाचित पुढं जाईल. फक्त माणूस दहा वर्षांची सरासरी जेवत नाही ना बाप्पा, त्याला दर वर्षी जेवायचं असते.

आता यात एक गोष्ट लपलेली आहे ती तुमच्या पुस्तकातल्या तक्त्यात सहसा दिसत नाही. मी जवारी पस्तीस रुपये किलोनं का धरली? कारण ती दुकानातून घ्यायची आहे. तीच जवारी तू मार्केट यार्डात विकायला नेलीस तर बावीस-पंचवीस मिळतील, हमीभाव २०२५-२६ ला संकरित जवारीचा ३६९९ रुपये क्विंटल जाहीर झाला असला तरी. म्हणजे घरची जवारी खाल्ली तर पस्तीसची, विकली तर बावीसची. कास्तकार जवारी विकायला म्हणून कधीच पेरणार नाही, परवडत नाही, पण खायला पेरली तर तिच्याइतकं स्वस्त काही नाही. आमच्या खात्यानं वर्षानुवर्षं एकरी उत्पन्नाचे जे तक्ते केले त्यात जवारीला विक्रीचा भाव लावला, मीही लावला, अन मग ती नेहमी तळाला दिसायची. त्या तक्त्यांवर सह्या करताना मला कधी शंका आली नाही, हे कबूल करतो. १९९० च्या दशकात सोयाबीनचे प्रात्यक्षिक प्लॉट मी स्वतः उभे राहून घालून दिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, नव्वद-शंभर दिवसात पीक घरात अन नगदी पैसा, कोणाला नको.

दुसरं म्हणजे कॅलेंडर. माझ्या मते खरा मुद्दा इथंच आहे. कापसाची सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून पहिली वेचणी होते दिवाळीच्या मागंपुढं, सोयाबीन त्याच्या जरा आधी. पैसा येतो नोव्हेंबर ते जानेवारी. आला की लगेच वाटा सुरू होतात, कृषी केंद्रवाल्याचे, सोसायटीचे, बचत गटाच्या हप्त्याचे, मायक्रोफायनान्सवाला तर दर आठवड्याला दारात, मग एखादं लग्न, दवाखाना. होळीपर्यंत खिसा रिकामा. अन मग येतो आखाड, पेरणीही तेव्हाच करायची, बियाणं-खत तेव्हाच घ्यायचं, पोराची शाळेची फी तेव्हाच भरायची, अन किराणा दुकानात जवारी-डाळ सगळ्यात महाग तेव्हाच. वर्षातला सगळा पैसा एका तोंडी आला अन सगळी गरज दुसऱ्या तोंडी. जवारी कोठीत असली की ती आखाडापर्यंत थांबते. कापसाचा पैसा थांबत नाही. आफ्रिकेत सहाराच्या खालच्या पट्ट्यात, माली, बुर्किना फासो, नायजर या देशांतही टंचाईचे महिने हेच, जून ते ऑगस्ट, जुनं संपलेलं अन नवं उभं. मला हे कळलं तेव्हा फार नवल वाटलं, कुठं माली अन कुठं आपला दारव्हा-दिग्रस.

मालीचा एक माणूस आमच्याकडं आला होता. आफ्रिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या देशांसाठी भारत सरकारनं ट्रेनिंगचा कार्यक्रम चालवला होता, त्यात तिकडचे विस्तार अधिकारी नागपूरला यायचे अन मग त्यांना खेडी दाखवायला न्यायचे. वर्ध्याच्या सेलू तालुक्यातल्या एका गावात मी सोबत होतो, दुभाषी फ्रेंचचं हिंदी करायचा अन मी हिंदीचं वऱ्हाडी, असा सगळा मजेशीर कारभार. एका घरी जेवायला भाकर अन अंबाडीची भाजी होती. त्यानं भाकर तोडून वास घेतला अन म्हणाला हे तर आमचंच धान्य आहे. खरंच आहे, जवारी मूळची आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आली, तिकडं ते तिच्या पिठाचा घट्ट घाटा शिजवून खातात. मग त्यानं घरधन्याला विचारलं, घरात किती महिन्यांचं धान्य आहे? घरधन्यानं रेशनची दोन चुंगडी (पोती) दाखवली, एक गव्हाचं एक तांदळाचं, म्हणे सरकार देते. पाहुणा थोडा वेळ गप्प बसला अन विचारलं, सरकारनं नाही दिलं तर? आमचा माणूस हसला, "त मंग सरकारच नाही राहत."

मी ते वाक्य विसरलो नाही. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर जे मांडलं, की भूक धान्य नसल्यानं पडते त्यापेक्षा जास्त वेळा धान्य मिळवायची ऐपत अन हक्क नसल्यानं पडते, अन निवडणुका अन मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी होत नाही, ते आमच्या सेलूच्या माणसानं अंबाडीच्या भाजीसोबत एका ओळीत सांगून टाकलं. आपल्याकडं २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो, अन जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. मालीत असं काही नाही, म्हणून तिकडं कापसाचा भाव पडला की फटका थेट ताटापर्यंत जातो, इकडं तो आधी कर्जावर बसतो. आपल्या भागात कापसानं माणूस भुकेनं मेला असं आता फारसं ऐकू येत नाही, कर्जानं मेला हे तू अन मी दोघांनी पाहिलं आहे. शहरातल्या लेखात या दोन गोष्टी एकच समजतात, त्या एक नाहीत.

आता मालीचं बाकीचंही सांगतो, पहिल्या सरांना ते उपयोगी पडेल अन दुसऱ्या सरांनाही. तिकडं सरकारी कापूस कंपनी पेरणीआधी भाव जाहीर करते, खत-बियाणं उधार देते, अन कापूस घेताना वसूल करते, आपल्याकडं १९७२ पासून चाललेल्या, सगळा कापूस सरकारनंच घ्यायच्या एकाधिकार खरेदी योजनेची आठवण यावी असं. गंमत अशी की कापसासाठी उधार मिळालेलं खत शेतकरी मक्यालाही टाकतो, कधी कंपनीच मक्यासाठी वेगळं खत देते, अन पुढच्या वर्षी कापसाच्या वावरात मका-जवारी आली की तिला उरल्या खताचा फायदा होतो. म्हणून कापसाचा पट्टा हाच तिकडं धान्याचाही पट्टा झाला. बघ, इथं एक्सपोर्टचं पीक अन्नधान्याच्या आड आलं नाही, उलट त्याला खांद्यावर घेऊन गेलं. पण त्याच पट्ट्यात सिकासो नावाचा प्रदेश आहे, पाऊस बरा, कापूस भरपूर, धान्य भरपूर, अन तरीही तिथं लहान मुलांचं कुपोषण मोठं. अभ्यासकांनी त्याला सिकासोचं कोडं असंच नाव दिलं. त्यामागं बरीच कारणं सांगतात, त्यातलं मला पटलेलं असं की पैसा वर्षातून एकदा येतो अन घरातल्या मोठ्या पुरुषाच्या हाती येतो, बाईचा दिवस कापसाच्या वावरात जातो, लेकराला वेळेवर भरवायला कोणी नसते, अन ताटात मका आहे पण त्यासोबत लावायला काही नाही. आता हे वाचून तुला मालीच आठवते की आपलं गाव, तूच सांग.

अन भाव पडतो का, तर नेहमी पावसापाण्यामुळं पडत नाही. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड अन माली या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली की अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना जी सबसिडी देते त्यानं जगाचा भाव पडतो अन आमचे शेतकरी मरतात. बरोबरच होतं त्यांचं. पण आपण तरी काय करतो? कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत अन मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी. गिरणीवाल्याला सूत स्वस्त पाहिजे हे मला समजते, कापड एक्सपोर्ट झालं पाहिजे हेही समजते, पण कापड एक्सपोर्ट करायचं ओझं कोणाच्या पाठीवर टाकलं ते सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रासमोरच्या गाड्यांच्या रांगेत दिसलं.

इथं मला तुरीची गोष्ट सांगायलाच पाहिजे, तुमच्या सरांपैकी कोणी ती सांगत नाही. २०१५ ला तूरडाळ किरकोळीत दोनशे रुपये किलोला भिडली होती. मग सरकारनं सांगितलं तूर लावा, आम्हीही गावोगावी सांगत फिरलो तूर लावा, लोकांनी लावली, २०१६ ला पाऊसही झाला, अन २०१७ च्या जानेवारीत तूर इतकी आली की बाजारात भाव ५०५० च्या हमीभावाच्या बराच खाली, सरकारसाठी हमीभावानं खरेदी करणाऱ्या नाफेडच्या केंद्रावर दिवस दिवस रांगा, बारदाना नाही म्हणून खरेदी बंद. ते सगळं तू लहान असशील पण बाबांना आठवत असेल. आता याचं दुसरं टोक ऐक. त्याच २०१६ साली भारतानं मोझांबिकसोबत करार केला, तिकडच्या शेतकऱ्यांनी तूर लावावी अन आपण ती घेऊ, दरवर्षी वाढवत दोन लाख टनांपर्यंत. तिकडं बरेच शेतकरी तूर विकायलाच पेरतात, घरी फारशी शिजत नाही. म्हणजे आपलं वरण हे त्यांचं एक्सपोर्टचं पीक. अन ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्याकडं तूर उतू गेली म्हणून आपण आयातीवर मर्यादा घातली अन तिकडं मोझांबिकच्या खेड्यात भाव कोसळला. इकडचा कास्तकार रांगेत मेला, तिकडचा रांग नसताना मेला. तिकडं ना हमीभाव ना नाफेड. आता मला सांग, यात तुरीचा काय दोष? तूर तर अन्नधान्य आहे, डाळ आहे, पौष्टिक आहे, पण मोझांबिकच्या बाईसाठी ती कापसासारखीच एक नगदी बोंड आहे. पीक खायचं की विकायचं हे त्याच्या जातीवरून ठरत नाही. दिल्लीत बसून कोण कोणत्या महिन्यात दार लावतो त्यावर ठरते.

तांदळाचंही तसंच. जगातल्या तांदळाच्या व्यापारातला साधारण ४० टक्के तांदूळ भारत विकतो. जुलै २०२३ मध्ये आपण बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, सप्टेंबर २०२४ च्या शेवटी उघडली, कनकीवर (तुटक्या तांदळावर) तर त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२२ पासून बंदी होती. कनकी आपल्याकडं कोंबड्यांना अन गरिबाला. पण सेनेगलमध्ये कनकीच आवडीनं खातात. त्याची जुनी कथा आहे, फ्रेंचांनी सेनेगलला भुईमूग पेरायला लावला, तेलासाठी, अन लोकांना खायला आपल्याच ताब्यातल्या इंडोचायनातून (आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाकडून) कनकी आणून दिली. पिढ्या गेल्या, भुईमुगाचा भाव गेला, फ्रेंच गेले, कनकीची सवय राहिली, अन आता ती भारतातून जाते. म्हणून गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलसारख्या ठिकाणी तांदळाच्या भावात जे होते ते सेनेगलच्या राजधानीत, डाकारच्या बाजारात उमटते. पहिल्या सरांचा मुद्दा इथं सगळ्यात बळकट आहे, जो देश विकायचं एकच पीक घेतो अन खायचं एकच धान्य बाहेरून आणतो तो दोन दोऱ्यांवर लटकतो अन दोन्ही दोऱ्या दुसऱ्याच्या हातात. हैतीनं १९९५ ला तांदळावरचं शुल्क ५० टक्क्यांवरून ३ वर आणलं, अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला, तिथले तांदूळवाले बसले, अन २००८ ला जगात भाव भडकले तेव्हा दंगली होऊन पंतप्रधान गेला. बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये जाहीर कबुली दिली की ती आपली चूक होती. कबुलीनं वाफे परत हिरवे होत नाहीत म्हणा.

आपल्या वऱ्हाडात हे सगळं आधीच होऊन गेलेलं आहे. १८५३ ला निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं अन इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, मग सगळ्यांची नजर इकडं. भाव असे चढले की मुंबईत सट्टा पेटला, अन युद्ध संपताच १८६५ ला तेवढ्याच जोरानं आपटले. रेल्वे १८६७ ला नागपूरला पोचली, खामगावचा फाटा १८७० ला, लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आला होता, कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय येतो म्हणजे बघ. आपली यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वेही कापसाच्या गाठी वाहायलाच होती. पण १८९६-९७ अन १८९९-१९०० च्या दुष्काळात काय झालं, रेल्वे होती, धान्य बाहेरून येऊ शकत होतं, येतही होतं, पण कापूस बुडाला म्हणून मजुरी बुडाली अन मजुरी नाही म्हणून आलेलं धान्य घ्यायला पैसा नाही. लोक मेले. त्याच्याआधी गावागावात जवारीची पेवं असायची, जमिनीत खणलेली, दोन-तीन वर्षं धान्य टिकायचं. पेव भरून ठेवणाऱ्यानं गरिबाला फुकट वाटलं असं मी म्हणत नाही, सवाई-दिडीनं (सव्वापट-दीडपट परत घ्यायच्या बोलीवर) वाटलं, पण गावात धान्य होतं.

अन याच्यातून मजुराचा मुद्दा आला, तो कोणी बोलत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हाही सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याच्या) सालात जवारीची पोती ठरलेली असायची, सोंगणी-खुडणीची मजुरी कणसात नाहीतर कुडवाच्या मापानं मिळायची. म्हणजे ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही त्याच्याही घरात दिवाळीनंतर दोन-चार पोती जवारी पडलेली असायची. वावरातून जवारी गेली तशी ही मजुरीही गेली. आता वेचणीचे किलोमागं आठ-दहा रुपये नगदी, ते शनिवारच्या बाजारात संपतात. एक्सपोर्टच्या पिकानं शेतमालकाच्या ताटाचं काय झालं यावर सगळे भांडतात, पण सगळ्यात आधी धान्य गेलं ते भूमिहीनाच्या घरातून.

आता तू म्हणशील रेशन आहे ना. आहे, अन ते नसतं तर मी हे इतक्या निवांत लिहीत बसलो नसतो. पण रेशनात येतो गहू-तांदूळ. पोट भरते, रक्त भरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं, अन पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. पूर्वी पऱ्हाटीच्या वावरात सलग पऱ्हाटी नसायची. मधात तुरीचं तास (ओळ), कडेनं अंबाडी, मूग-उडीद, बरबटी, कुठं चार ओळी जवारीच्या, बांधावर तीळ. श्रावणात मुगाच्या शेंगा, पावसाळाभर तरोटा, चिवळ, निंदायला गेलेली बाई ओच्यात भाजी घेऊनच घरी यायची. हे कोणत्याही तक्त्यात उत्पन्न म्हणून लिहिलं गेलं नाही, मीच लिहिलं नाही. मग सलग सोयाबीन आलं, तणनाशक आलं, तण मेलं अन भाजीही मेली, कारण ती दोन्ही एकच होती. मेळघाटात कोरकू लोकांच्या वावरातून कुटकी-सावा जाऊन सोयाबीन आलं तेव्हाही हेच झालं. सोयाबीनमध्ये ४० टक्के प्रथिनं, अन ते पिकवणाऱ्याच्या ताटात दाणाभर नाही, तेल इकडं, ढेप कोंबड्यांना नाहीतर परदेशी, आपल्याला कुटार (भुसा).

राज्य सरकारलाही हे कुठंतरी माहीत आहे बरं. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केसरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २ रुपये गहू अन ३ रुपये तांदूळ सुरू केला, पाच किलो माणशी. जो पिकवतो त्यालाच धान्य द्यायची पाळी आली, यापेक्षा मोठी कबुली काय पाहिजे. २०२३ ला ते धान्य थांबवून माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात द्यायचं ठरलं. दीडशे रुपयात पस्तीसची जवारी सव्वाचार किलो येते, अन भाव चढला की अजून कमी. धान्याचं पोतं भावाबरोबर आकसत नाही, नगद आकसते, आपल्या कापसाच्या गोष्टीचाच हा छोटा नमुना.

संत्र्याचं थोडक्यात, कारण एक्सपोर्ट म्हटलं की लोक वरुड-मोर्शीकडं बोट दाखवतात. संत्र्यानं तिकडं पैसा आणला, बंगले आले, पोरं शिकली, ते नाकारून चालणार नाही. पण मुख्य गिऱ्हाईक बांगलादेश, त्यांनी शुल्क वाढवत नेलं, २०२३ ला किलोला ८८ टका, की बागेत फळ सडते. अन बोअर हजार फुटाच्या दिशेनं, वरुड तालुका भूजल अतिशोषित यादीत. संत्रा खाऊन पाणी पीत नाहीत म्हणतात, इथं संत्र्यानंच पाणी पिऊन टाकलं.

तर बाबा चुकतात का. नाही. जवारी का गेली हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एका गावात मी जवारीचा आग्रह धरला तर एक म्हातारा म्हणाला, "साहेब, पेरतो न जवारी, पन जागलीले कोन येते? तुमी येता काय?" जागली म्हणजे वावराची राखण. रानडुक्कर, रोही (नीलगाय) अन पाखरं, गावात एकानंच जवारी पेरली तर पंचक्रोशीतली डुकरं त्याच्याच वावरात. खुडायला मजूर नाही, मळणी यंत्रवाला थोड्या मालासाठी येत नाही, पोरांना भाकर नको पोळी पाहिजे. हे सगळं खरं आहे. म्हणून तू घरी जाऊन पाच एकर जवारी करा असं सांगू नको, दारातून हाकलतील, अन बरोबरच करतील. कापूस-सोयाबीन सोडा म्हणून सांगणाऱ्यानं आधी पोराची फी भरावी.

मी तुझ्या जागी असतो तर पाच एकरातले साडेतीन-चार एकर आहे तसेच विकायच्या पिकाला ठेवले असते, अन एक एकर घरचं म्हणून वेगळं काढलं असतं, त्याचा हिशेब कापसाच्या वहीत करायचाच नाही. पाच माणसांना वर्षाला सहा क्विंटल धान्य लागते, निम्मं रेशनातून येते, म्हणजे अर्ध्या-पाऊण एकराची जवारी पुरते, उरलेल्यात मूग-बरबटी, अन कडेनं अंबाडी. पऱ्हाटीत दर आठ-दहा तासांनंतर एक तुरीचं तास परत आणा, ते मोडलं तेव्हापासून घरात डाळ विकत आली. अन त्या एकरात तणनाशकाची बाटली नेऊ नका, आईला विचार कोणतं तण खायचं अन कोणतं उपटायचं, तुमच्या कॉलेजात ते शिकवत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कापसाचा पहिला हप्ता आला त्याच आठवड्यात आखाडाचा किराणा काढून ठेवा, तूरडाळ तेव्हा नवी निघायची असते म्हणून तिच्यापुरते पैसे आईच्या हाती द्या, बाबांच्या नको, रागावतील पण द्या.

जवारी पेरायचं नक्की झालं तर धुऱ्याला धुरा लागून असलेले तीन-चार जण तरी आधी पटवा, एकाच पट्ट्यात पेरा, पेरणीची तारीख एक ठेवा म्हणजे कणसं एकदम भरतील अन पाखरं वाटली जातील, मळणीवालाही चार घरचा माल आहे म्हटल्यावर येतो. जागलीची पाळी पेरणीच्या आधीच लावून घ्या, कणसं भरल्यावर लावायला गेलात तर कोणी येत नाही, मी अनुभवानं सांगतो. अन तुझी पाळी तूच कर, सुटीत घरी येशील तेव्हा.